घरापुरतं

शटर अर्ध्यावर अडकलं. नेहमी अडकायचं तिथेच. आरशीने नेहमीसारखी डाव्या कोपऱ्यात एक लाथ घातली, ते खडखडत वर गेलं, आणि ती उंबऱ्यात उभी राहून वाट बघू लागली.

कसली वाट, तर रडू येण्याची. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईने न विचारताच सांगितलं होतं, "माहेरचा उंबरा ओलांडलास ना, की सगळं बाहेर पडेल बघ." उंबरा ओलांडून झाला. समोर काचेची कपाटं, त्यांत रांगेने मांडलेल्या चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमा, कोपऱ्यात भिंगं घासायचं चाक आणि त्याच्याजवळ बाबांचं तीन पायांचं गोल स्टूल. काचेच्या ओल्या भुकटीचा वास अजून तसाच होता. आरशीने तो छातीभर घेतला आणि थांबली. काही म्हणजे काही झालं नाही. मग तिने बॅग खाली ठेवली आणि चपला काढल्या.

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. निरोप मिळून ती निघाली आणि पोचली, तोवर सगळं उरकलं होतं. भेटायला येणारी माणसं रडत होती आणि ही त्यांना पाणी आणून देत होती. तेव्हापासून डोळ्यांतून टिपूस नाही. ती काम करायची त्या चष्म्याच्या काचांच्या कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, "किती खंबीर आहेस गं!" खंबीर कसली, मख्ख झाली होती नुसती. भूक लागली का हेसुद्धा घड्याळात बघून ठरवायची.

आता आरशी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने तिला शाळेच्या हजेरीशिवाय कुणी हाक मारलेली नाही. त्याचं असं झालं. डोळे तपासायचे तर अक्षरांचा तक्ता माणसापासून वीस फुटांवर हवा, आणि बाबांचं दुकान होतं जेमतेम बारा फूट लांब. बाबांनी तक्ता खुर्चीच्या मागे, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टांगला आणि समोरच्या भिंतीवर भला मोठा आरसा ठोकला. आरशातून बघितलं की अंतर दुप्पट होतं. फक्त अक्षरं उलटी दिसतात, म्हणून तक्ता त्यांनी स्वतःच्या हाताने उलट्या अक्षरांत रंगवला. वर एकटा मोठा ग, खाली र म, त्याखाली प ट क, असं करत करत सहाव्या ओळीत मुंगीएवढी सहा अक्षरं.

धाकटीने अक्षरओळख करून घेतली ती या तक्त्यावरून. आरशातून नव्हे, थेट तक्त्यावरून. पहिलीच्या बाईंनी बाबांना बोलावून घेतलं आणि वही पुढे केली. बाबांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि अभिमानाने म्हणाले, "सगळं बरोबर आहे की!" वीस वर्षं ज्या माणसाने उलटी अक्षरं रंगवली आणि पुसली, त्याला त्यात उलटं काय ते दिसेचना. बाईंनी कपाळाला हात लावला. पोरीचं नाव मात्र त्या दिवसापासून आरशी पडलं ते पडलंच.

घरात तो तक्ता सगळ्यांना पाठ होता. आई पोळपाटावर ठेका धरावा तशी तो गुणगुणायची: ग, रम, पटक, सनवल, तयबडघ. ताई त्यावर दोरीवरच्या उड्या मारायची. डोळ्यांच्या दुकानातल्या या दोन पोरींचे डोळे त्या दहा वर्षांच्या होईपर्यंत कुणी नीट तपासलेच नाहीत, कारण तपासायला बसवलं की दोघी घडाघडा सगळं म्हणून मोकळ्या. ताईला चष्मा लागलाय हे शेवटी शाळेच्या फळ्यावरून कळलं. आई त्यावरून बाबांना जन्मभर टोमणे मारत आली.

तर हे असं घर. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर, बाजूने जिना आणि वर दोन खोल्या. आणि आता ते राहणार की जाणार, एवढाच प्रश्न होता.

ताईचं म्हणणं, आईने तिच्याकडे यावं. सहावा मजला, लिफ्ट, खाली दवाखाना. आईचं म्हणणं, मी कुठेही येणार नाही. फोनवर दोघींचं महिनाभर वाजत होतं. ताई म्हणायची, "तू हल्ली विसरतेस. वस्तू सापडत नाहीत तुला. डोळे तरी तपासलेस का बाबा गेल्यापासून?" त्यावर आई एकदा ताडकन म्हणाली, "तपासा की! धाकटीला येतं ना तपासायला? तिला पाठव. सगळी अक्षरं वाचून दाखवते. वाचली तर मी इथेच, नाही वाचली तर तू म्हणशील तिथे." ताईने तो शब्द पकडला. शुक्रवारी परीक्षा, आणि नापास झाली तर रविवारी गाडी.

ताई कामाला वाघ. निकाल काय लागणार याची तिला इतकी खात्री होती की तिने आरशीला आधीच यादी पाठवून दिली. बुधवार: स्वयंपाकघर, जास्तीचं सामान खोक्यांत. गुरुवार: कपाटं. शुक्रवार: दुकानातल्या फ्रेमा, चाक, आरसा. दुकानासाठी एक मोबाइल दुरुस्तीवाला केव्हापासून टपून बसला होता.

आरशीने यादी वाचली आणि कामाला लागली. तिला यादी बरी वाटली. यादीत पुढचं काय ते लिहिलेलं असतं, स्वतःला काही वाटून घ्यावं लागत नाही.

डबे काढले, पुसले, खोक्यांत भरले. उरलेले खालच्या फळीवर ठेवले, म्हणजे आईला वाकावं लागेल पण चढावं लागणार नाही. बाबांचं स्टूल उचलून जिन्याखाली सरकवलं. ज्या स्टुलावर बसून बाबांनी तिला भिंग कसं धरायचं ते शिकवलं, तेच हे. तिने ते उचललं तेव्हा ते तिला फक्त हलकं वाटलं.

आई तिच्या मागे मागे होती, पण कशाला हरकत घेत नव्हती. पहिल्याच दिवशी दारातल्या खोक्याला अडखळली आणि गुडघा फोडून घेतला. "मध्ये काय आणून ठेवलंस गं?" एवढंच म्हणाली. आरशीने खोकं बाजूला केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहा केला. आरशी कपभर प्यायली आणि तळाचा घोट घेताना तिच्या लक्षात आलं की चहात साखरेऐवजी मीठ होतं. आईकडे बघितलं तर आई स्वतःचा कप हातात धरून बसली होती, तोंडाला लावलाच नव्हता. दुःखात माणसाचं असंच होतं, आरशीने मनाशी म्हटलं, आणि दोन्ही कप विसळून टाकले.

आणखी एक गोष्ट होती. आरशीने केस कापले होते. कमरेपर्यंत यायचे ते आता कानाखाली. बाबा गेल्यावर महिन्याने एका दुपारी उठून सलूनमध्ये गेली आणि कापून आली, का ते तिलाही सांगता आलं नसतं. एरवी आईने दारातच आकांत मांडला असता. या घरात केसांना कात्री म्हणजे आईच्या काळजाला कात्री. आई दोन दिवस तिच्याशी बोलत होती आणि केसांचा एक शब्द नाही. आईही माझ्यासारखीच झाली असेल, आरशीला वाटलं. आता काहीच फरक पडत नसेल तिला.

खरं सांगायचं तर या घराने आरशीला एकदा चांगलंच पोळलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती चार दिवस आली होती, तेव्हा आईला सुख म्हणून तिने आख्खं स्वयंपाकघर नव्याने लावून दिलं. डबे उंचीप्रमाणे, भांडी आकाराप्रमाणे, किटली खिडकीजवळ. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा तिच्यावर ओरडले. जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस, पण पार थरथरत म्हणाला, "ज्या वस्तू जिथे आहेत तिथे राहू देत! कुणी सांगितलं होतं तुला?" आई हाताला फडकं गुंडाळून बसली होती, किटलीचा चटका बसला होता तिला. आरशीने बाबांकडे बघितलं, बॅग भरली आणि दुपारच्या बसने गेली. पुढे फोनवर बोलणं झालं, हवापाण्याचं. पण ती आली नाही. बाबा "कधी येतेस?" म्हणायचे, ही "बघू" म्हणायची. बघू बघू करता बाबाच गेले.

याचा राग होता की दुःख, ते तिने उघडून बघितलं नव्हतं. आत कुठेतरी ते गोळा होऊन बसलं होतं आणि त्याच्यावर बाकी सगळं बधिर झालं होतं.

शुक्रवारी दुपारी शेजारच्या लॉन्ड्रीवाल्या काकू आईला हाताला धरून त्यांच्याकडे घेऊन गेल्या. आरशीने यादी बघितली. फ्रेमा झाल्या होत्या. चाक झालं होतं. आरसा राहिला होता. तिने स्क्रूड्रायव्हर घेतला, चारही कोपरे सोडवले, आरसा चादरीत गुंडाळला आणि जिन्याला टेकवून ठेवला. ज्या दिवशी परीक्षा घ्यायची त्याच दिवशी आरसा काढून ठेवणारी परीक्षक जगात दुसरी झाली नसेल. पण यादीत होतं, म्हणून काढला. दिवसाला चारशे काचा डोळ्यांखालून घालून ओरखडे शोधणारी ही बाई, तिला यात चुकतंय काय ते सुचलंसुद्धा नाही.

चार वाजता काकूंनी आईला उंबऱ्यापाशी आणून सोडलं. तेवढ्यात ताईचा फोन वाजला.

"झाली का परीक्षा?" ताई म्हणाली. "स्पीकरवर ठेव. मला ऐकायचंय."

आरशीने फोन काउंटरवर ठेवला. आईने पदर नीट केला, ताठ चालत गेली आणि तपासणीच्या खुर्चीत जाऊन बसली. एकदाही इकडेतिकडे न बघता. खुर्चीच्या हाताला अडकवलेला काळा लाकडी चमचा तिने काढला आणि डावा डोळा झाकला.

"दिवा लाव गं," ती म्हणाली. "तक्त्यावरचा."

आरशी बटणाकडे वळली आणि तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे चार भोकं होती आणि त्यांच्यामध्ये रंग न उडालेला एक चौकोन. आत्ता तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आई, थांब जरा—"

"थांबायचंय कशाला? ऐकतेस ना गं ताई? ग."

आरशीचा हात बटणावर तसाच राहिला.

"र, म," आई म्हणाली.

"हं," फोनमधून ताई म्हणाली.

"प, ट, क. स, न, व, ल. त, य, ब, ड, घ." आई त्या कोऱ्या चौकोनाकडे सरळ बघत होती. मध्ये मध्ये डोळा बारीक करत होती, अक्षर लहान होत गेलं की माणूस करतो तसा. शेवटच्या ओळीला ती अडखळली. "ध, म... पुढचं भ आहे की म, जरा अंधुक आहे. भ. भच आहे. थ, य. शेवटचं राहू दे बाई, ते यांना तरी कुठे दिसायचं!"

बाबा नेहमी म्हणायचे, शेवटची ओळ जो न अडखळता वाचतो, तो थापा मारतोय असं समजायचं. आई ते विसरली नव्हती. ती अडखळली होती ती मुद्दाम.

"पाठ आहे तिला," ताई म्हणाली. "आपल्या तिघींनाही पाठ आहे. खालून वर वाचायला सांग."

"वाचते की," आई म्हणाली. "छ. दिसलं बघ आता. छ, य, थ, भ, म, ध. घ, ड, ब, य, त. ल, व, न, स. क, ट, प. म, र. ग." शेवटचा ग तिने असा ठणकावून म्हटला की काउंटरवरचा फोनही गप्प झाला.

मग ताईचा आवाज आला, थोडा खाली आलेला. "बरं. आरशी, तू सांग. तू समोर आहेस. दिसतंय ना तिला?"

हो म्हटलं तर आई इथे एकटी. नाही म्हटलं तर रविवारी गाडी.

"मी तुला थोड्या वेळाने फोन करते."

"हो की नाही एवढंच सांग की."

"करते म्हटलं ना," आरशी म्हणाली आणि फोन बंद केला.

आईने चमचा अजून डोळ्यावर धरलेला होता. चेहरा खुलला होता. "काय, पास ना?"

"आई," आरशी म्हणाली, "भिंतीवर आरसा नाहीये."

आईचा हात लगेच खाली आला नाही. रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली, तिची घंटी ऐकू आली. मग तिने चमचा मांडीवर ठेवला.

"कधी काढलास?"

"दुपारी. तू काकूंकडे होतीस तेव्हा."

"ताईला कळलं?"

"नाही."

आई उठली. पावलं टाकत भिंतीपाशी गेली, हात पुढे करून चाचपलं, आणि तिचं बोट एका भोकात अडकलं. तिथेच राहिलं.

"मग आधी सांगायचंस की," ती म्हणाली. "उगीच खालून वर वाचायला लावलंत."

"कधीपासून?"

"झाली तीन वर्षं. आधी कडेकडेने गेलं, मग मधलं. उजेड कळतो. दारात माणूस आलं की कळतं, कोण ते नाही कळत."

"आणि बाबा?"

"बाबांचं काय?"

"त्यांना ठाऊक होतं?"

"चष्म्याच्या दुकानात राहून नवऱ्यापासून डोळे लपवता येतात होय गं?" आई म्हणाली. "तुम्हा पोरींना सांगायचं नाही, अशी शपथ मीच घातली त्यांना. सांगितलं असतं तर ताईने दुसऱ्या दिवशी उचलून नेलं असतं मला. त्यांची नंबरांची वही आहे ना, खालच्या खणात? तिच्यात माझं पान आहे. घरची म्हणून."

वही खोक्यात गेली होती. आरशीने चिकटपट्टी फाडली. वहीत पानोपानी नावं आणि नंबर, बाबांच्या बारीक अक्षरात, दुसरं काही नाही. बाबा गिऱ्हाइकाबद्दल नंबराव्यतिरिक्त एक शब्द लिहीत नसत. फक्त शेवटच्या पानावर, 'घरची' या नावाखाली, आकडे संपून वाक्यं सुरू झाली होती.

'मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. आता इलाज नाही म्हणाले. दिसतं: घरापुरतं.'

त्याखाली पुढच्या वर्षीचं: 'दिसतं: घरापुरतं. वस्तू हलवायच्या नाहीत.'

आणि त्याखाली, दोन वर्षांपूर्वीची तारीख.

'धाकटी आली. स्वयंपाकघर लावून दिलं, हौसेने. हिला काही सापडेना, किटलीने हात भाजला. मी पोरीवर ओरडलो. कारण सांगता आलं नाही. पुढच्या वेळी येईल तेव्हा सांगेन.'

आरशीने ते तीनदा वाचलं. पुढच्या वेळी येईल तेव्हा. ती पुढच्या वेळी आली होती, पण तेव्हा सगळे भेटायला आले होते आणि ही पाणी देत फिरत होती.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं. "मला कधी वाचून नाही दाखवलं त्यांनी."

आरशीने वाचून दाखवलं. आवाज सपाट निघाला, हजेरी घेतल्यासारखा. आई भिंतीला टेकून ऐकत राहिली.

"बरोबर लिहिलंय," ती म्हणाली. "इथे मला दिसतं, आरशी. ओट्यापासून चार पावलांवर माठ, माठाशेजारी साखर, वरच्या फळीवर मीठ. स्वयंपाकघराच्या दारातून सात पावलं की ही खुर्ची. डाव्या हाताला त्यांचं स्टूल. मला कुणाचा हात धरावा लागत नाही इथे. ताईच्या घरी गेले की मी आंधळी होईन. ती माया करेल, नाही असं नाही. पण आंधळीच होईन." मग म्हणाली, "तू आल्यापासून थोडी झालेच आहे म्हणा. काही सापडत नाही मला. म्हटलं, चूक माझीच असेल."

आरशीने खोक्यांकडे बघितलं. तीन दिवस तिने नीट पुसून, नीट बांधून, एक एक करत आईचे डोळे खोक्यांत भरले होते. यादीप्रमाणे.

तिने ताईला फोन लावला. सगळं सांगितलं, आरशासकट. पलीकडून ताईचा नाक ओढल्याचा आवाज आला.

"मला का नाही सांगितलं? मी काय तिचं वाईट करणार होते?"

"तुला आधी सांगितलं असतं तर तू गाडी बुधवारीच पाठवली असतीस."

"हो," ताई म्हणाली. "पाठवली असती." ताई वाईट नव्हे, फक्त तिला प्रत्येक दुखण्यावर काहीतरी करावंसं वाटतं. "म्हणजे आता करायचं काय? तिला दिसतं की नाही दिसत?"

"घरापुरतं दिसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे घर हलवायचं नाही."

"आणि एकटीने राहायचं तिने?"

"मी आहे. रजा आठ दिवसांची आहे, पुढचं पुढे बघू. मोबाइलवाल्याला तू नाही म्हणून सांग."

"रविवारी मी येते," ताई म्हणाली. "न्यायला नाही. नुसती येते."

"ये. पण येऊन काही आवरू नकोस."

मग मायलेकी कामाला लागल्या. आई स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली आणि आरशी एक एक डबा तिच्या हातात देऊ लागली. आई झाकणावरून बोट फिरवायची आणि सांगायची. हा वर. हा त्याच्या उजवीकडे, वीतभर सोडून. हा असा नाही, याचा कडीचा भाग भिंतीकडे. किटली खिडकीजवळ अजिबात नको. डबा जागेवर गेला की आई स्वतः जाऊन हात लावून यायची आणि म्हणायची, "हं. पुढचा." फ्रेमा पुन्हा कपाटात लागल्या, चाक कोपऱ्यात गेलं. आरसा दोघींनी मिळून लावला, आरशीने पेलला आणि आईने बोटांनी भोकं शोधून दिली.

शेवटचा स्क्रू पिळताना आरशी खाली वाकली, तेव्हा आईचा हात चुकून तिच्या डोक्याला लागला. हात थबकला. मग मानेपर्यंत आला आणि तिथे पुढे काही नाही म्हणून परत वर गेला.

"केस?" आई म्हणाली. "आरशी, केस कुठे गेले तुझे?"

"कापले."

"कधी?"

"झाले तीन महिने."

आईने दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं आणि कितीतरी वेळ ती ते नुसतं चाचपत राहिली. दोन दिवस उशिराने का होईना, आईचा आकांत आला. "अगं काय हे! एवढे सोन्यासारखे केस! मला विचारायचंस तरी!" आरशी मान खाली घालून उभी राहिली. बोलणी खाताना तिला बरं वाटत होतं, पण रडू काही येत नव्हतं.

उन्हं उतरली तेव्हा सगळं झालं होतं. आई चहा टाकायला आत गेली. आरशी स्वयंपाकघराच्या दारात दुकानाकडे तोंड करून उभी राहिली. सगळं जागेवर आहे की नाही, हे नुसतं बघून कसं कळणार? ती तीन दिवस सगळं बघतच तर होती.

तिने डोळे मिटले.

एक पाऊल. दोन. तिसऱ्या पावलाला पायाखालची फरशी जरा खोलगट लागली, ही तिला ठाऊक होती, इथे ताई दोरीवरच्या उड्या मारायची. चार. पाचव्या पावलाला काउंटरची कड कमरेला लागली. लहानपणी ती कपाळाला लागायची. सहा. ओल्या भुकटीचा वास आला. सात. उजव्या हाताला खुर्चीची पाठ. तिने डावा हात बाजूला केला, जरा खाली नेला, आणि तिथे काहीच नव्हतं.

बाबांचं स्टूल. ते अजून जिन्याखाली होतं.

तिने डोळे उघडले, जाऊन स्टूल आणलं आणि जागेवर ठेवलं. पुन्हा दारापाशी गेली, पुन्हा डोळे मिटले, पुन्हा सात पावलं मोजली. डावा हात खाली नेला. हाताला स्टुलाची गोल, गुळगुळीत झालेली कड लागली, आणि तिथेच, बरोबर त्याच जागी, बाबांच्या अंगठ्याने पडलेली खाच.

"बाबा," ती म्हणाली, "मी आले." आणि मग तिला रडू फुटलं.

आतून आईने हाक मारली, "काय गं? आपटलीस का कुठे?"

"नाही," आरशी हुंदके देत म्हणाली. "सगळं जागेवर आहे."